शिखर सर, गाईड सरळ

कळसूबाई तुम्ही तीनदा केलंय, त्यातलं एकदा भर पावसात. आता हिशेब करा. कळसूबाई १६४६ मीटर. तीन कळसूबाई एकावर एक रचल्या की झाले ४९३८. माँ ब्लाँ २०२३ च्या मोजणीत भरला ४८०५.५९. म्हणजे आल्प्समधला सर्वांत उंच डोंगर तुम्ही आधीच चढून गेला आहात, वर सव्वाशे-एक मीटर शिल्लक. आता राहिलं काय, तर व्हिसा, गाईड आणि फोटो.

उंचीवरून कुणी वाद घातलाच, तर त्याच नावाचं महागडं पेन खिशाला लावणारा एखादा साहेब गाठा. निबवर ४८१० कोरलेलं असतं, ते जुनं झालं म्हणून त्याला सांगा. २०२१ मध्ये डोंगर ४८०७.८१ होता, दोन वर्षांत सव्वादोन मीटर खाली आला. माथ्यावरच्या बर्फाची जाडी कमीजास्त होते, असं मोजणी करणारे सांगतात. तुम्ही मात्र डोंगर आपल्याला भेटायला चार पावलं पुढे येतोय असंच धरून चाला.

पहिली पायरी म्हणजे फॉर्म. त्यात 'अतिउंचीचा अनुभव' असा रकाना असतो. तिथे बेधडक 'खारदुंगला, ५३५९ मीटर' लिहा. माँ ब्लाँपेक्षा साडेपाचशे मीटर जास्त, आणि तिथे तुम्ही मॅगीसुद्धा खाल्ली आहे. इनोव्हाने गेला होतात हे फॉर्ममध्ये कुणी विचारलेलं नाही. 'क्रॅम्पॉन वापरता येतात का?' या प्रश्नाला 'होय' म्हणा. बुटाखाली बांधायचे लोखंडी खिळे ते, त्यात येण्यासारखं काय आहे? 'रोज हजार-बाराशे मीटर चढ सलग चढता का?' इथे रविवारचा सिंहगड कामी येतो. झुणका-भाकरी आणि दह्याचं मडकं यांसाठीचा थांबा धरूनही तो सलगच होता.

आता जोडीदार. नेहमीच्या गूते वाटेवर एका गाईडमागे दोनच गिऱ्हाईकं असतात, तिघं एकाच दोरात. दोघांपैकी एकाचा दम संपला की गाईड दुसऱ्याला बर्फात एकटं सोडत नाही, तिघंही खाली उतरतात. हा नियम नीट समजून घ्या आणि जोडीदार स्वतःपेक्षा थोडा कच्चा निवडा. शिखर मिळालं तर 'त्याला ओढत नेला' असं सांगता येतं आणि नाही मिळालं तर आयतं कारण दोराला बांधलेलंच असतं. (हे ऐकीव सांगत नाही. माझ्या जोडीदाराने मला याच निकषावर निवडलं होतं.)

डोंगराच्या पायथ्याच्या शामोनी गावात पोचल्यावर गाईड तुम्हाला लगेच डोंगरावर नेत नाही. आधी हिमनदीवर नेऊन चालायला शिकवतो. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, दोन लाखांच्या वर पैसे मोजून, एक पोरगेला फ्रेंच माणूस तुम्हाला पाय फाकवून टाका म्हणून सांगतो, कारण एका पायाचे खिळे दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये अडकले की माणूस तोंडावर पडतो. दहा फूट वर, दहा फूट खाली, वळा, परत. तुम्ही त्याला आपण राजगडाचं चोर दरवाजाचं अंग रात्री चढल्याचं सांगा. तो छान म्हणेल आणि पुन्हा वळायला सांगेल. इथेच त्याला त्याची पायरी दाखवून द्यायला हवी. गाईड म्हणजे शेवटी वाटाड्या. आपल्याकडे गडाखालच्या गावात पाचशे रुपयांत मिळतो आणि वर त्याची आई पिठलं करून घालते.

मग बहुतेक वेळा बोगद्यातून पलीकडे इटलीत, ग्रान पारादिझोवर नेतात. ४०६१ मीटर. याला ते सराव म्हणतात. ही परीक्षा आहे आणि पेपर तपासणारा तुमच्या पुढे दहा फुटांवर चालतोय, हे मात्र सांगत नाहीत. बूट बांधायला किती वेळ लागतो, पाणी न सांगता पिता का, दमल्यावर पाय घासता का, घाबरलात तर गप्प होता की बडबडता, हे सगळं तो पाठमोरा राहून दोराच्या ताणावरून ओळखतो. तुम्ही त्या वेळात व्हिडिओ काढा. उत्तरपत्रिकेला पुरवणी जोडल्यासारखं होईल.

प्रत्यक्ष चढाईची सुरुवात रेल्वेने होते, ही या डोंगराची सर्वांत समंजस गोष्ट. सां-जेर्व्हेकडून दातेरी रुळांची गाडी वर जाते. मूळ बेत ती थेट शिखरापर्यंत न्यायचा होता. १९१४ ला महायुद्ध सुरू झालं आणि काम २३७२ मीटरवर, नी द'एग्ल म्हणजे 'गरुडाचं घरटं' या ठिकाणी थांबलं ते थांबलंच. पहिल्या महायुद्धाने कुणाकुणाचं काय काय नुकसान केलं, पाहा.

पुढे तेत रूसच्या हटवरून निघालं की ग्रां कुलुआर लागतो. आपल्याकडे जिला नळी किंवा नाळ म्हणतात तशी उभी घळ, फक्त ती आडवी पार करायची असते, आणि वरून दगड येत असतात. वरचे दगड बर्फाने धरून ठेवलेले. ऊन तापलं की बर्फ हात सोडतो. १९९० पासूनच्या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत या टप्प्यात शंभरावर माणसं गेली. म्हणून गाईड इथे शक्यतो गारठ्याच्या वेळेला यायचं बघतो, थांबून कान देतो, आणि मग एकच शब्द बोलतो: चला. इथे तुम्ही बुटाची नाडी बांधायला बसा. जीपीएस घड्याळाला उपग्रह सापडायचाय म्हणा. साडेसाती, राहुकाल आणि अमावास्या पाहून घराबाहेर पडणाऱ्या माणसाने परक्याच्या मुहूर्तावर धावावं, हे काही बरं दिसत नाही.

२०२२ च्या उन्हाळ्यात ही घळ इतकी कोसळत होती की गाईडांनी या वाटेने गिऱ्हाईकं नेणं थांबवलं. तरी हौशी लोक जातच राहिले. तेव्हा सां-जेर्व्हेच्या महापौरांनी जाहीर केलं की चढणाऱ्याने आधी १५,००० युरो अनामत ठेवावी: १०,००० सुटकेच्या खर्चाचे, ५,००० अंत्यसंस्काराचे. किती व्यवस्थित हिशेब! फ्रान्समध्ये डोंगरातून सुटका करणाऱ्या सरकारी पथकाचं हेलिकॉप्टर गिऱ्हाइकाला फुकट असतं, आणि फुकट म्हटल्यावर गुडघा दुखला तरी बोलावून बघावंसं वाटतं, हे त्या बिचाऱ्यांना कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं.

गूते हट ३८३५ मीटरवर, कड्याच्या काठाला टेकलेलं चकचकीत पोलादी अंडं. २०१३ साली उघडलं, १२० माणसं मावतात. नाव नोंदवल्याशिवाय झोपता येत नाही आणि बाहेर तंबू ठोकायला बंदी आहे. पिण्याचं पाणी बाटलीतलं, विकत. भाव ऐकून दचकू नका, हेलिकॉप्टरने आलेलं पाणी आहे. तुमच्या आयुष्यात इतका प्रवास केलेलं पाणी तुम्ही फक्त गंगेचंच प्यायला असाल. रात्री दोनला नाश्ता. डोकं ठणकत असतं, घास उतरत नाही, आणि आईने दिलेला चिवडा सॅकच्या तळाशी आहे. गाईड विचारेल, कसं वाटतंय? 'एकदम मस्त' म्हणा. डोकेदुखी आणि मळमळ त्याच्यापासून लपवणं फार महत्त्वाचं. दोन लाख त्याला खरं सांगायला थोडेच दिलेत?

मग अंधार, हेडटॉर्चच्या उजेडातलं वितभर बर्फ, आणि पुढच्या माणसाची टाच. माथ्याजवळ श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या निम्म्याहून थोडाच जास्त. गाईड इतका सावकाश चालतो की लग्नाच्या वरातीची आठवण व्हावी. त्याला ओलांडून पुढे जा. अर्थात दोर आहे, त्यामुळे फार पुढे जाता येणार नाही, पण भावना पोचते.

४३६२ मीटरवर व्हालोचा पत्र्याचा निवारा आहे. २०१९ मध्ये एक गृहस्थ व्यायामशाळेतलं वल्हवायचं यंत्र पाठीवर घेऊन निघाले होते, ते शेवटी त्यांनी याच निवाऱ्यात टाकून दिलं. त्याच्या बारा वर्षं आधी वीसेक मंडळींनी माथ्याजवळ गरम पाण्याचा हौद मांडून त्यात बैठक जमवली होती. तुम्ही भगवा झेंडा आणि कंपनीचं बॅनर आणलंय, ते त्या मानाने हलकं सामान आहे.

आणि इथेच, व्हालोच्या दाराशी, वारा अंगावर घेत गाईड वर बघतो. माँ ब्लाँने ढगाची टोपी घातली की हवा फिरणार, हे खालच्या खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक असतं. तो तुमच्याकडे बघतो, जोडीदाराकडे बघतो, घड्याळ बघतो. मग दोर गोळा करायला लागतो.

आता वाद घाला. मागे मोठी परंपरा आहे. जिनिव्हाच्या सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने १७६० मध्ये माथ्याची वाट शोधणाऱ्याला बक्षीस लावलं, २६ वर्षं थांबला, आणि बाल्मा व पाकार या दोघांनी १७८६ च्या ऑगस्टमध्ये वाट काढल्यावर पुढच्या वर्षी १८ गाईड आणि एक नोकर घेऊन वर गेला. गिऱ्हाईक असावं तर असं, थांबायची तयारी असलेलं. पण तुम्ही कित्ता गिरवा तो डॉ. हामेल यांचा. १८२० साली हवा बिघडलेली, ताजा बर्फ पडलेला, गाईड मागे फिरू म्हणत होते आणि पाहुण्यांना वर जायचं होतं. गेले. हिमकडा सुटला, तीन गाईड भेगेत गडप झाले. डॉक्टरसाहेब सुखरूप परतले. पुढच्याच वर्षी, १८२१ मध्ये, शामोनीच्या गाईडांनी आपली संघटना उभी केली. ती आजही चालू आहे. त्या तिघांचे अवशेष ४१ वर्षांनी बॉसों हिमनदीने खाली आणून दिले.

ती हिमनदी कुणाचं काही ठेवून घेत नाही, फक्त वेळ लावते. मुंबईहून निघालेलं एअर इंडियाचं 'कांचनजंगा' २४ जानेवारी १९६६ ला याच डोंगरावर आदळलं. ११७ माणसं होती, त्यांत होमी भाभा. त्या विमानातली वर्तमानपत्रं २०२० मध्ये बर्फातून बाहेर आली. इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याची बातमी वाचता येत होती.

हे सगळं त्या वाऱ्यात आठवण्याची गरज नाही. तुम्ही फक्त म्हणा, 'पण आम्ही पैसे भरलेत.' गाईड मान डोलावेल. त्याच पैशांत तो आत्ता दोर गोळा करतोय, हे तो बोलून दाखवणार नाही. शेवटचं अस्त्र म्हणून शेजारून वर जाणारी दुसरी तुकडी दाखवा. तो म्हणेल, ते माझ्या दोरात नाहीत.

उतरताना गप्प राहा. जोडीदाराकडे अधूनमधून सहानुभूतीने बघा, त्याला आत्ताच कळू दे की पुण्यात गोष्ट कशी सांगितली जाणार आहे.

शामोनीत चौकात बाल्मा आणि सोस्यूर यांचा १८८७ चा पुतळा आहे. बाल्मा बोटाने शिखर दाखवतोय आणि सोस्यूर बघतोय. गाईड आणि गिऱ्हाईक. बाल्माच्या सोबतीने माथा गाठणारे डॉ. पाकार त्यात नाहीत, त्यांच्या स्वतंत्र पुतळ्याला १९८६ उजाडलं. तुम्ही त्या भानगडीत पडू नका. बाल्माच्या बोटाच्या बरोबर रेषेत उभे राहा, म्हणजे फोटोत तो तुम्हालाच दाखवतोय असं वाटेल. फोटो गाईडला काढायला सांगितला असता, पण तो सकाळीच पुढचे दोघं गाडीत घालून बोगद्यापलीकडे गेलेला असेल, त्यांना चालायला शिकवायला.