आपल्यामागून दार लावून घ्या

अभिनंदन! वाघोलीचा टू बीएचके ताब्यात आला, वास्तुशांत झाली, पेढे वाटून झाले. आता एकच काम राहिलं, पुण्यात गर्दी फार झाल्याची तक्रार. उशीर करू नका, पण वास्तुशांतीच्या दिवशी तेवढी नको. जेवायला आलेल्या पाहुण्यांतले दोघं-तिघं खाली सॅम्पल फ्लॅट बघून येतात.

आधी शहर नेमकं कधी भरलं ती तारीख ठरवा. ती तुमच्या पझेशननंतरची हवी. कोथरूडकरांची तारीख फार जुनी असते, त्यांच्या नादी लागू नका. पेठेतल्या माणसापुढे तर विषयच काढू नका. त्याच्या लेखी लकडी पूल ओलांडला की पुणं संपतं आणि वाघोली नगर जिल्ह्यात असते. (तुम्ही मूळचे कुठले, असं त्यालाही विचारू नये. पेशवेच श्रीवर्धनहून आलेले.)

एकूणच इतिहासात शिरू नका, पंचाईत होते. कॅम्पात रिक्षावाल्याला 'लाल देऊळ' म्हणा, तो बरोबर 1867च्या सिनेगॉगपाशी सोडतो. लष्कराच्या मागोमाग पारशी, बोहरी, तमिळ आले. फाळणीनंतर सिंधी आले, त्यांचा पिंपरी कॅम्प झाला. मराठवाड्यातली पोरं सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचे अटेम्प्ट देतायत. मग बाहेरचे कोण? तुमच्यानंतर आले ते. एवढी सुटसुटीत व्याख्या दुसरी सापडणार नाही.

आकड्यांची काळजी नको. 2011च्या जनगणनेत पुणे महापालिकेत 31 लाख आणि पिंपरी-चिंचवडमध्ये 17 लाख माणसं होती. 2021ची जनगणना झालीच नाही, तेव्हा हवा तो आकडा बिनधास्त ठोका. फक्त एक जपा. त्या 31 लाखांत तुमची वाघोली नव्हतीच. 2017मध्ये 11 गावं आत आली, 2021मध्ये आणखी 23, त्यात तुमचा नंबर लागला. हद्द पाचशे चौरस किलोमीटरच्या वर गेली, मुंबई महापालिकेला मागे टाकून. हद्दीची रेघ एका दिवसात सरकते, पाइपलाइनला खोदावं लागतं. तोवर टँकर.

टँकरवरून आठवलं, गाववाल्यांशी जपून. ज्यांच्या ज्वारीच्या रानात तुमचा बी विंग उभा आहे, ते यात्रेत ढोल वाजवणारच. रात्री दहानंतर स्पीकर चालू राहिला तर पोलिसांना फोन करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण आधी खाली जाऊन टाकी भरली का बघा. टँकरवाला यात्रा कमिटीत असतो, बऱ्याचदा खजिनदार.

त्यापेक्षा समोरच्या साइटवरचे लोक बरे, ते उलटून बोलत नाहीत. ओडिशा-बिहारकडची माणसं, पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. संध्याकाळी सहाला शेडबाहेरच्या नळावर बायका सिमेंटनं पांढरे पडलेले पाय दगडानं घासत असतात. चौथ्या मजल्यावरून छान दिसतं. तिथूनच सोसायटीच्या ग्रुपवर टाका, 'एरिया खराब होतोय, कमिटीने लक्ष द्यावे.' त्याच्या खालचा मेसेज तुमचाच असेल, मास्टर बेडरूमच्या भिंतीला ओल येतेय, प्लास्टरवाल्याचा नंबर आहे का कुणाकडे? नसतो. तो पुढच्या साइटवर गेलेला असतो, नवीन शेडमध्ये.

टॉवर सातव्या मजल्यावर गेला की तुमचा सूर्यास्त जाईल. लगेच सह्यांची मोहीम काढा. मागच्या गल्लीतल्या जुन्या बिल्डिंगकडे मात्र सही मागायला जाऊ नका. त्यांचा सूर्यास्त तुम्ही आलात तेव्हाच गेला, आणि तो विकास होता.

वर्षभर एवढं पाळलंत की दिवाळी येते. गाव सांगलीकडे असेल तर धनत्रयोदशीला पहाटे निघा. सगळेच पहाटे निघतात, त्यामुळे खंबाटकी घाटात गाडी तास-दीड तास उभी राहील. हीच वेळ. मोबाइल काढा आणि स्टेटस टाका, 'दिवाळीतलं रिकामं पुणं म्हणजे स्वर्ग! खरं पुणं!' सोबत रिकाम्या रस्त्याचा फोटो लागेल. तो वॉचमनकडून मागवून घ्या. तो दिवाळीला कुठे जात नाही.