पिन कापून टेप मारली तर काय बिघडतं? स्वयंपाकघरातल्या चिमणीच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

पंचवटीतून तुम्ही लिहिलंय: "चिमणी बदलायची म्हणजे चार स्क्रू आणि तीन वायरी. जुन्या चिमणीच्या वायरी भिंतीतून आलेल्या आहेतच. नवीची पिन कापायची, रंगाला रंग जोडायचा, टेप मारायची. बोर्डावरचं बटण बंद केलं की पुरे. १६ अँपिअरचं सॉकेट, मेन बंद, मल्टीमीटर हे सगळं लोकांना उगाच घाबरवणं आहे."

सॉकेटचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. चिमणी दिव्यांसकट साधारण २०० ते २५० वॅट घेते, म्हणजे २३० व्होल्टला एक अँपिअरच्या आसपास. ६ अँपिअरचं सॉकेट भरपूर झालं; लेखात तशी दुरुस्ती करतो. फक्त त्याच पॉइंटवर इंडक्शन किंवा मायक्रोवेव्ह लावू नका.

बाकीचं मात्र पटत नाही. "रंगाला रंग" तर मुळीच नाही. चिमणीच्या केबलमध्ये तपकिरी फेज (वीज आणणारी), निळी न्यूट्रल (वीज परत नेणारी) आणि हिरवी-पिवळी अर्थ (जमिनीला जोडलेली) असते. आपल्याकडे भिंतीतल्या वायरिंगमध्ये लाल, पिवळी, निळी हे तिन्ही फेज, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थ. थ्री फेज मीटरच्या घरात स्वयंपाकघराला निळा फेज आला असेल, तर निळीला निळी जोडून तुम्ही फेज चिमणीच्या न्यूट्रलला दिलात. गंमत म्हणजे चिमणी फिरेल, दिवे लागतील. पण तिच्या पॅनेलवरून ती बंद केली तरी आत मोटरपर्यंत फेज खेळत राहील, आणि हे कळेल जाळी धुवायला हात आत घातल्यावर.

बोर्डावरच्या बटणाचंही तसंच. जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर घातलेलं सर्रास सापडतं. बंद केलं तरी फेज जागेवरच. म्हणून मेन बंद करायचा. टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून बघायचा, मेन पाडल्यावर मग या वायरींना. मेलेला टेस्टर "वीज नाही" असंच सांगतो.

आता अर्थिंग, कारण चिमणीचं अंग पत्र्याचं आणि खाली ओल्या हातांचा माणूस. मल्टीमीटरवर फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही जवळपास तेवढेच, न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. त्याच लाइनवर इस्त्री चालू असतानाही न्यूट्रल-अर्थ नेमका शून्य दिसला तर खूश होऊ नका. बहुधा सॉकेटच्या मागे न्यूट्रलचाच तुकडा अर्थच्या स्क्रूला लावलेला असतो. मागे कुठे न्यूट्रल तुटली, की मोटरमधून फिरून आलेला फेज थेट पत्र्यावर. खात्रीसाठी डबल पोल (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) मेन पाडा, सगळ्या पिना काढा आणि न्यूट्रल-अर्थमध्ये मल्टीमीटरचा बझर लावा. वाजला तर आधी वायरमन, मग चिमणी. आणि आकडे बरोबर आले म्हणून अर्थिंग दमदार आहे असंही नाही. मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. नाशिकच्या काळ्या खडकात एप्रिल-मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, तेव्हा त्यात पाणी घालत चला.

टेपचं थोडक्यात: फोडणीची तेलकट वाफ आणि शेगडीची धग यांनी तिचा गोंद सुटतो. मूळ पिन कापूच नका, वॉरंटीही जाईल. सॉकेट चिमणीच्या बाजूला, शेगडीच्या थेट वर नको. पिन बदलावीच लागली तर तारा ६-८ मिलिमीटर सोला, पीळ घालून तारेचा एकही केस बाहेर न ठेवता स्क्रूखाली घ्या, आणि पिनच्या आत अर्थची तार बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवा. केबल ओढली गेली तर ती शेवटी सुटते. केबलचं वरचं आवरण क्लॅम्पमध्ये दाबलं गेलं पाहिजे, नुसत्या आतल्या तारा नव्हेत.

हो, ते चार स्क्रूही जपून. बोर्डाच्या सरळ वर ड्रिल मारू नका, वायरींचा पाइप बहुतेक तिथूनच चढलेला असतो.

तुमच्या भिंतीतून आलेल्या तीन वायरींवर वायरमनकडून सॉकेट बसवून घ्या. मग वरचे तीन आकडे इथे कळवा. इस्त्री चालू ठेवून घेतलेला न्यूट्रल-अर्थचा आकडाही सोबत द्या.