ग्रँड कॅन्यनचे जुने नकाशे म्हणे अंदाजपंचे!

काकांनी फॅमिली ग्रुपवर टाकलेला फॉरवर्ड भाची थेट भूगोलाच्या प्रोजेक्टमध्ये उतरवायला निघाली, म्हणून हे लिहितोय. दावा असा: कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅन्यनचे सॅटेलाइटच्या आधीचे सगळे नकाशे बनावट, कारण त्या कड्यांवर टेप घेऊन चढणार कोण? १८६९ मध्ये पॉवेल या अमेरिकन संशोधकाने होडीत बसून मनाने रेघा मारल्या, बाकीच्यांनी त्याच गिरवल्या.

आधी टेपचं बघू, कारण डोकं तिथेच फिरलं. अहो, उंची काढायला तिथे जावंच लागत नाही! तिपाईवर लेव्हल केलेली फळी, तिच्यावर कागद आणि त्यावर दुर्बीण बसवलेली पट्टी, म्हणजे प्लेन टेबल आणि अलिडेड. नकाशावर पक्क्या असलेल्या एका जागेवरून समोरच्या सुळक्यावर नेम धरायचा, पट्टीच्या कडेने रेघ मारायची, मग दुसऱ्या पक्क्या जागेवरून तेच. रेघा छेदतात तिथे सुळका. अंतर कागदावरच मिळालं, आता दुर्बिणीचा कोन वाचायचा: ४ किलोमीटरवरचा खडक १५ अंश खाली दिसला तर तो साधारण १,०७० मीटर खाली, साधं टॅन थीटा आहे हो. पृथ्वीच्या गोलाईचं करेक्शनही करतात, एवढ्या अंतराला जेमतेम १ मीटर. आणि वाळवंट तर या कामाला उलट सोयीचं, झाडी आड येत नाही, काठावरून दरीचा केवढा तरी भाग उघडा दिसतो. यूएसजीएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या, फ्रांस्वा मॅथेसने १९०२ पासून असंच काम केलं, १:४८,००० स्केल आणि दर ५० फुटांना कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ!

पॉवेलबद्दल थोडं मान्य करतो, नाइलाज आहे. १८६९ च्या सफरीत एक होडी फुटली, काही नोंदी गेल्या, बॅरोमीटरच्या, म्हणजे हवेच्या दाबावरून काढलेल्या, उंच्याही ढोबळच. पण १८७१-७२ मध्ये तो परत गेला, त्याचा मेहुणा थॉम्पसन सर्वेला होता, त्यांनी युटातल्या कानाब गावाजवळ बेसलाइन, म्हणजे जमिनीवरची एक सरळ रेघ, नीट मोजून तिच्यावर कोनांच्या मदतीने त्रिकोणांचं जाळं उभं केलं. हे सोयीस्करपणे गाळलंय.

‘गिरवल्या’ म्हणे! १९२३ मध्ये यूएसजीएसच्याच बर्डसायची टीम होड्या घेऊन पुन्हा उतरली, नदीचा उतार मोजत, तोही धरणांच्या जागा बघायला. धरण काय अंदाजाने बांधतात?

राहिला सॅटेलाइट. पहिला लँडसॅट १९७२ चा, त्याचा एक पिक्सेल जवळपास ८० मीटरचा आणि त्या फोटोत उंचीचे आकडे नसतातच. यूएसजीएसच्या साइटवर जुन्या शीट फुकट मिळतात, मॅथेसची ‘ब्राइट एंजल’ शीट उघडा आणि बनावट कंटूर कुठली ते दाखवा.