प्रवास रक्ताच्या नळीने करावा, लेकराने नव्हे

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील आमच्या गावी चुलतभावाला मुलगी झाली, तेव्हा तिच्या दोन्ही हातांना सहा-सहा बोटे होती आणि सोनोग्राफीत मूत्रपिंडातही दोष दिसला. वहिनींनी ग्रहणात विळी हातात धरली म्हणून असे झाले, हा निवाडा बारशाआधीच लागला आणि पुढची चार वर्षे त्या माउलीने तो निमूट ऐकला. बेळगाव, मिरज, कोल्हापूर अशा फेऱ्या सुरू राहिल्या. पोरीचे वजन वाढत गेले, दिवेलागणीनंतर ती चाचपडू लागली, पण प्रत्येकाने आपापल्या अवयवापुरतेच औषध दिले.

अखेर एका डॉक्टरांनी कागदावर घराण्याचा आराखडा काढला: पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ आणि दादा-वहिनींमध्ये दुहेरी रेघ, कारण वहिनी दादाच्या मामाचीच मुलगी. जांभळ्या टोपणाच्या नळीत दोन-तीन मिलिलिटर रक्त घेतले. एक्सोम तपासणीत, म्हणजे जवळपास सगळ्या जनुकांचे प्रथिने घडवणारे भाग एकदम वाचणाऱ्या तपासणीत, बार्डेट-बीडल सिंड्रोम निघाला: जादा बोटे, मूत्रपिंडाचा दोष, वाढते वजन आणि रातांधळेपणा ही सगळी एकाच दुर्मीळ आनुवंशिक आजाराची लक्षणे. आई आणि वडील दोघेही निरोगी, पण सदोष जनुकाची एकेक प्रत दोघांकडून आलेली. प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची 25 टक्के शक्यता. या उत्तरासाठी दादाने 25,000 रुपये मोजले, तेही दुभती म्हैस विकून.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून अंगणवाड्या-शाळांतून जन्मजात दोष असलेली मुले शोधली जातात, टाळूच्या नि हृदयाच्या शस्त्रक्रियांना पाठवलीही जातात, आणि हे काम मोलाचेच आहे. परंतु ‘कशामुळे’ हे शोधण्याचा खर्च बहुधा आईबापांवरच येतो. दुर्मीळ आजारांच्या 2021 च्या धोरणात ठरावीक आजारांच्या उपचारासाठी आता 50 लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे, पण तिथवर पोहोचायला आधी आजाराचे नाव लागते.

म्हणून रक्त जिल्हा रुग्णालयातच, तेही मोफत घ्यावे आणि नळी तपासणीसाठी बेंगळुरूला जावी. सरसकट एक्सोम नको. डाऊन सिंड्रोमसाठी गुणसूत्रांची साधी तपासणी पुरते. आणि अहवाल समजावणारे माणूस मराठी बोलणारे असावे, कारण ‘वाहक’, म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत असलेले माणूस, रोगी नव्हे, एवढे एक वाक्य नीट न कळल्यामुळे इकडे सुनेला माहेरी धाडतात.

दादाच्या धाकट्या भावाचे लग्नही मामाच्याच घरी ठरते आहे. जनुकातला नेमका बदल आता माहीत असल्याने त्या दोघांची तेवढ्यापुरती तपासणी पुष्कळ कमी खर्चात होते. ती साखरपुड्याआधी करून घ्या, असे परवाच काका-काकूंना सांगून आलो.