हवामान सांगणे म्हणजे नुसते वाचन नव्हे

बारावीच्या निकालानंतर सोलापुरातील पालकांमध्ये फिरणारा एक संदेश माझ्याकडेही आला. दूरचित्रवाणीवर हवामान सांगणारा माणूस लिहून दिलेले वाचतो, त्याचे अंदाज नेहमी चुकतात आणि मोबाईल आल्यापासून त्याची गरज संपली आहे, तेव्हा मुलांना त्या वाटेला पाठवू नये, असे त्यात म्हटले आहे. मी भूगोल शिकवतो आणि या संदेशामुळे एका विद्यार्थिनीने आपला विचार बदललेला पाहिला, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

पहिल्या विधानात थोडे तथ्य आहे. आपल्याकडे अनेकदा वृत्तनिवेदकच भारतीय हवामान विभागाचा अंदाज वाचून दाखवतो. परंतु 11 जानेवारी 1954 रोजी बीबीसीच्या पडद्यावर हवामान सांगायला आलेले जॉर्ज काऊलिंग हे ब्रिटनच्या हवामान खात्यातील अंदाजकार होते. अमेरिकन मेटिऑरॉलॉजिकल सोसायटी ही हवामानशास्त्रज्ञांची संघटना 2005 पासून दूरचित्रवाणीवर हवामान सांगणाऱ्यांना जे प्रमाणपत्र देते, त्यासाठी हवामानशास्त्राची पदवी आणि लेखी परीक्षा दोन्ही लागतात. शिवाय हिरव्या पडद्यासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीमागे नकाशा नसतोच, तो फक्त प्रेक्षकांना दिसणाऱ्या चित्रात जोडलेला असतो. बाजूच्या पडद्यावर नजर ठेवून त्याला तो समजावून सांगावा लागतो, आणि विषय कळत नसेल तर ते जमत नाही.

दुसरे विधान मला सर्वांत घातक वाटते. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ याचा अर्थ त्या विभागातील पावसाची नोंद होणारी ठिकाणे चौथाई किंवा त्याहून कमी असतील, असा ठरलेला आहे. पर्जन्यछायेतल्या आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही असा तुटक, की होटगीला सर पडली तरी बाळ्यात रस्ता कोरडा राहू शकतो. अशा दिवशी बाळ्यातला माणूस अंदाज चुकला म्हणतो, वास्तविक तो शब्दशः खरा ठरलेला असतो. हा अर्थ रोज प्रेक्षकांपर्यंत पोहोचवणे हेच या व्यवसायाचे मुख्य काम आहे. अंदाज कधीकधी चुकतात, हे खरेच. तरीही गेल्या काही दशकांत दर दहा वर्षांनी सुमारे एका दिवसाची प्रगती झाली आहे, म्हणजे आजचा पाचव्या दिवसाचा अंदाज दहा वर्षांपूर्वीच्या चौथ्या दिवसाच्या अंदाजाइतका विश्वासार्ह असतो.

मोबाईलविषयी एकच उदाहरण देतो. 13 ऑक्टोबर 2020 रोजी बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे तीव्र क्षेत्र काकीनाडाजवळ किनाऱ्यावर आले आणि तेलंगणावरून पश्चिमेकडे सरकले. दुसऱ्या दिवशी सोलापूर आणि पंढरपूर परिसराला अतिवृष्टीने झोडपले. मोबाईलवर आपल्या गावापुढे ढगाचे चित्र दिसते, पण आंध्रच्या किनाऱ्यावरील घडामोडीची काळजी मंगळवेढ्याच्या ज्वारी उत्पादकाने का करावी, हे नकाशावर बोट ठेवून सांगणारा जाणकार लागतोच.

आपल्याकडे अशा नोकऱ्या थोड्या आहेत, हे मी नाकारत नाही. मात्र भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन पदवी मिळवल्यावर पुणे विद्यापीठाच्या वातावरण व अवकाशशास्त्र विभागात पुढचे शिक्षण घेता येते, आणि तेच ज्ञान हवामान विभागात किंवा पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतही उपयोगी पडते. याच संस्थेने 2018 आणि 2019 मध्ये कृत्रिम पावसाचा प्रयोग आपल्या सोलापुरात केला होता.