"ईस्टर सोडा, सात सण पाळा" या फॉरवर्डला माझं उत्तर

वल्हांडण (मिसरातून सुटकेची आठवण म्हणून यहूदी पाळतात तो सण) जवळ आला की हा मेसेज उगवतोच. यंदा मला चार ठिकाणांहून आला, त्यातला एक थेट आमच्या मावशीकडून, खाली हात जोडलेले आणि "जास्तीत जास्त ख्रिस्ती बांधवांपर्यंत पोचवा". ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी मजकूर थोडक्यात असा: ईस्टर हे इश्तार देवीचं नाव आहे, 325 साली रोमच्या कॉन्स्टंटाइन बादशहाने निकिया इथल्या बिशपांच्या सभेत देवाचे खरे सण बंद पाडून हे माणसांचे सण घुसडले, बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या 23व्या अध्यायातले सात सण "निरंतरचे" आहेत आणि येशूनेही पाळले म्हणून आपल्यालाही सक्तीचे, यहूदी लोकांच्या वल्हांडणाच्या जेवणात येशू लपवून ठेवलाय, आणि सातांपैकी चार सण येशूच्या पहिल्या येण्यात पूर्ण झाले, उरलेल्या तिन्हींवरून त्याच्या पुन्हा येण्याची तारीख काढता येते. मावशीला फोनवर अर्धवट सांगितलं, पण ती म्हणाली लिहून पाठव, मी पुढे पाठवते. म्हणून हे.

इश्तारचं आधी उरकतो. इश्तार बाबेलची, ईस्टर हा शब्द इंग्रजी, दोन्हींमध्ये नातं एवढंच की कानाला सारखे लागतात. ही जोडी लोकप्रिय झाली ती 19व्या शतकात एका स्कॉटिश पाळकाने पोपविरोधात लिहिलेल्या पुस्तकामुळे. इंग्रजी शब्दाबद्दल बीड नावाच्या संन्याशाने 725 च्या सुमारास लिहिलंय की इंग्रजांकडे एऑस्त्रे नावाच्या देवीवरून एका महिन्याचं नाव होतं आणि त्या महिन्यात सण यायचा म्हणून तेच नाव पडलं. धरा खरं, पण तो झाला इंग्रजीचा प्रॉब्लेम. ग्रीकमध्ये या सणाला पास्खा म्हणतात, इटालियनमध्ये पास्क्वा, पोर्तुगीजमध्ये पास्कोआ, आणि गोव्यातले, वसईतले आपले कॅथलिक लोक पास्का म्हणतात. हे सगळं हिब्रू पेसाखवरून आलंय, पेसाख म्हणजे आपला वल्हांडण, ओलांडून जाणं. म्हणजे जे नाव आपण टाकून द्यायचं म्हणतोय त्यातच यहूदी सण बसलेला आहे!

आता कॉन्स्टंटाइन. यात अर्ध खरं आहे आणि अर्ध खरं जास्त त्रास देतं. निकियात लेवीयातले सण बंद करा असा ठराव झाला नाही, प्रश्न एवढाच होता की पुनरुत्थानाचा सण सगळ्यांनी एकाच रविवारी करायचा आणि त्यासाठी यहूदी पंचांगावर अवलंबून राहायचं नाही. आणि हा वाद काही तेव्हा सुरू झाला नव्हता. आशिया मायनरमधल्या मंडळ्या यहूदी पंचांगाच्या 14 निसानलाच, म्हणजे वल्हांडणाच्या दिवशीच, पास्खा करायच्या, रोमवाले रविवारी, आणि 155 च्या आसपास स्मिर्नाचा म्हातारा बिशप पॉलिकार्प यासाठी रोमच्या बिशपकडे गेला, दोघांचं जमलं नाही तरी त्यांनी प्रभुभोजन एकत्र घेतलं. कॉन्स्टंटाइन जन्माला यायच्या शंभरेक वर्षं आधीची गोष्ट ही. पण हेही सांगितलं पाहिजे की सभेनंतरच्या बादशहाच्या पत्रात यहूद्यांबद्दलची भाषा अत्यंत वाईट आहे, आणि पुढे 386 साली अंत्युखियात ख्रिसोस्तोम नावाचा धर्मोपदेशक व्यासपीठावरून आपल्याच ख्रिस्ती लोकांवर भडकला होता कारण ते कर्ण्यांच्या सणाला यहूद्यांच्या सभास्थानात जात होते. म्हणजे निकियानंतर साठ वर्षांनीही लोक जात होते, कोणी बंद पाडलं नव्हतं. तो जे बोलला त्याचे परिणाम यहूद्यांनी शतकानुशतकं भोगले. फॉरवर्डवाल्यांना राग यायचा तर याचा यावा.

पुढचा मुद्दा खरा वजनदार आहे, "निरंतरचा विधी". लेवीय 23 मध्ये हे शब्द आहेत, चार वेळा आहेत. पण अहरोनाच्या घराण्याच्या याजकपणालाही तेच शब्द आहेत, निर्गम 29 बघा, आणि सुंतेचा करारही निरंतरचा आहे. मग सण तेवढे उचलायचे आणि बाकीचं ठेवून द्यायचं हे कुठल्या नियमाने? सण पाळायचेच तर पुरते पाळा की. अनुवाद 16 प्रमाणे वर्षातून तीनदा सगळ्या पुरुषांनी देव निवडेल त्या ठिकाणी हजर व्हायचं, मांडवांच्या सणात (सात दिवस मांडवात राहायचा सण) गणना 29 प्रमाणे पहिल्या दिवशी 13 गोऱ्हे, मग 12, मग 11, असे सात दिवसांत 70, शिवाय मेंढे आणि कोकरं वेगळी. सन 70 मध्ये यरुशलेमचं मंदिर पडल्यापासून हे यहूदी लोकसुद्धा करत नाहीत, करूच शकत नाहीत. त्यांच्या गुरूंनी प्रार्थना, घर आणि जेवण यांच्याभोवती सण नव्याने उभे केले, म्हणून ते टिकले. आपल्याकडचा कोणी टेरेसवर ताडपत्री बांधून "आम्ही लेवीय 23 पाळलं" म्हणतो तेव्हा तो लेवीय नाही पाळत, यूट्यूब पाळतो. (ताडपत्रीही चालत नाही म्हणा, छप्पर झाडपाल्याचं लागतं.)

येशूने पाळले हे शंभर टक्के खरं, तो यहूदी होता, तो काय नाताळ पाळणार होता? पण "माणसांनी सुरू केलेले सण चालत नाहीत" हे त्याच्या नावावर खपवू नका, कारण योहान 10:22 मध्ये तो मंदिराच्या पुनःप्रतिष्ठेच्या सणाला मंदिरात फिरतोय, हिवाळ्यात. तोच हनुक्का. लेवीयात नाही, मक्काबी या यहूदी बंडखोरांनी इसवी सनापूर्वी 164 मध्ये मंदिर शुद्ध केलं त्याची आठवण, पूर्ण माणसांनी ठरवलेला सण. आणि प्रेषितांची कृत्ये 15 मध्ये यहूदीतर विश्वासणाऱ्यांवर काय काय लादायचं यावर यरुशलेमात बैठक झाली, चार गोष्टी ठरल्या, त्यात एकही सण नाही. कलस्सै 2:16 बद्दल फॉरवर्डवाले म्हणतात की त्याचा अर्थ "सण पाळता म्हणून कोणी तुमचा न्याय करू नये" असा आहे. असेल बुवा, पण मग न पाळणाऱ्याचा न्याय करायचा परवाना त्यातून कसा निघतो ते मला कळलं नाही.

मग सण वाचायचेच नाहीत का? उलट! इथेच माझं त्यांच्याशी खरं भांडण आहे, ते सण सक्तीचे करतात आणि समजून घेत नाहीत. मांडवांचा सण घ्या. इस्राएलात साधारण एप्रिल-मेपासून पाऊस थांबतो, सण येतो सप्टेंबर-ऑक्टोबरात, पौर्णिमेला, बरेचदा आपल्या कोजागिरीच्या आसपास. विहिरी तळाला गेलेल्या, सगळ्यांचे डोळे आभाळाकडे, आपल्या मराठवाड्यात जूनच्या पहिल्या आठवड्यात असतात तसे. त्या दिवसांत रोज सकाळी याजक शिलोहाच्या तळ्यातून सोन्याच्या सुरईत पाणी आणायचा आणि वेदीवर ओतायचा, कर्णे वाजायचे. आणि योहान 7 मध्ये सणाच्या शेवटच्या दिवशी येशू उभा राहून ओरडतो, कोणी तान्हेला असेल तर त्याने माझ्याकडे येऊन प्यावं. रात्री मंदिराच्या अंगणात प्रचंड दिवे पेटायचे, आणि पुढच्याच अध्यायात, मी जगाचा प्रकाश आहे. मी चाळीस वर्षं योहान 7 ऐकला आणि हे पाणी मला कोणी दाखवलं नव्हतं.

जेवणात लपलेल्या येशूचं बघू. फॉरवर्डवाले म्हणतात, तीन मात्झा (वल्हांडणाच्या बेखमीर भाकऱ्या) म्हणजे त्रैक्य, त्यावरचे पट्टे म्हणजे फटके, भोकं म्हणजे खिळे. अहो ती भोकं भाकरी फुगू नये म्हणून पाडतात, आणि ते सरळ पट्टे पाकिटातल्या मात्झावर असतात, त्या मशिनवर होतात, मात्झाचं पहिलं मशिन फ्रान्समध्ये 1838 चं. येशूच्या ताटातली बेखमीर भाकरी बहुधा आपल्या जाडसर पोळीसारखी मऊ होती. या जेवणातला द्राक्षारसाचे चार प्याले वगैरे क्रम आपल्याला लिखित मिळतो मिश्ना या यहूदी गुरूंच्या नियमसंग्रहात, सन 200 च्या सुमाराचा, म्हणजे त्या रात्री जेवण नेमकं कसं झालं हे आजच्या पुस्तिकेवरून सांगता येत नाही.

आणि हे जेवण कोणाचं आहे ते जरा बघा. अलिबाग-रेवदंड्याकडचे बेने इस्राएल, आपल्याच भाषेत बोलणारे यहूदी, शेकडो वर्षं कोकणात तेल गाळत हे सण सांभाळत आले. नववर्षाला ते नव्याचा सण म्हणायचे, प्रायश्चित्ताच्या दिवसाला दारफळणीचा सण, कारण त्या दिवशी घराची दारं लावून आत उपास. मंदिर पडल्याच्या दुःखाच्या दिवसाला बिरड्याचा सण, वालाच्या बिरड्यावरून. 1874 मध्ये पुण्यात छापलेली वल्हांडणाची एक पुस्तिका आहे, हिब्रूसोबत मराठी, आणि चित्रात लुगडं नेसलेल्या बायका मात्झा करतायत. हे लोक ठाण्यात, मुंबईत आजही आहेत. त्यांच्या ताटातली भाकरी उचलून "याचा खरा अर्थ तुम्हाला कळलाच नाही" असं सांगणं मला तरी उद्धटपणा वाटतो. कोणी जेवायला बोलावलं तर जा आणि ऐका.

तारखांवर फार वेळ नको. 2014-15 मध्ये चार चंद्रग्रहणं वल्हांडण आणि मांडवांच्या सणाला आली म्हणून केवढा गाजावाजा झाला, पण दोन्ही सण पौर्णिमेचे आणि चंद्रग्रहण पौर्णिमेलाच लागतं हे आपल्याकडे शाळेतलं पोरगं सांगेल. शिवाय यहूदी पंचांगालाही आपल्यासारखा अधिक महिना आहे, 19 वर्षांत सातदा, पूर्वी तो पीक आणि ऋतू बघून ठरायचा, आता गणिताने. आणि प्रथमपिकाची पेंढी नेमक्या कोणत्या दिवशी ओवाळायची यावर परुशी आणि सदूकी या यहूदी पंथांचंच एकमत नव्हतं.

मावशीने हे सगळं ऐकून घेतलं आणि मग हळूच विचारलं, अरे पण मी ते सणाला फुंकायचं शिंग मागवलंय ऑनलाइन, परत घेत नाहीत म्हणे, त्याचं काय करू? म्हटलं संडे स्कूलला आण, लेवीय 23:24 मधला कर्ण्यांचा सण वाचू आणि पोरांना वाजवू दे. आणलं तिने. पंधरा पोरांनी फुंकलं, नुसती हवा आणि थुंकी, शेवटी पेरूवाल्याच्या मुलीने असा काही भोंगा काढला की शेजारच्या बिल्डिंगमधून दोन माणसं गॅलरीत आली.