ड्रम, पेटी आणि आपली आवड

आमच्या चर्चच्या मंडळीत सध्या ड्रम ठेवायचे की नाही यावरून चांगलीच वादावादी चालू आहे, ग्रुपवर एक जण बायबलचं एक वचन टाकतो, दुसरा लगेच त्याच्या उलट टाकतो, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकू.

माझं सांगायचं तर मला पेटी-तबलाच आवडतो. आम्ही मूळचे नगरचे, आजोबा नोकरीला इंदूरला आले ते इथलेच झाले, चर्चमधली उपासना हिंदीत पण घरच्या प्रार्थनासभेत अजून मराठी गीतं, टाळ-तबल्यावर. कवी ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंग-कीर्तन ही आपली रीत ख्रिस्ती भक्तीत रुजवायला आयुष्य घातलं, त्याच सुरात मी वाढले. तो ठेका लागला की माझं मन प्रार्थनेत लगेच लागतं. पण ही झाली माझी आवड. ती देवाची आज्ञा आहे असं मी म्हणणार नाही, आणि गिटारवाल्या पोरांनीही त्यांच्या आवडीबद्दल म्हणू नये.

"पेटी आपली, गिटार परदेशी" हे तर जाऊच द्या. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमध्ये 1842 ला घेतलंय, बसून हाताने भाता मारायची पेटी नंतर कलकत्त्यात तयार झाली. आणि हीच पेटी आपल्या संगीताला चालत नाही म्हणून ऑल इंडिया रेडिओने 1940 पासून तीसेक वर्षं बंद ठेवली होती!

बायबलचं म्हणाल तर स्तोत्र 150 मध्ये शिंग, वीणा, डफ, तंतुवाद्यं, मोठ्याने वाजणाऱ्या झांजा, सगळंच आहे, नाचही आहे. मग ड्रमला जागा नाही असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? गंमत बघा, पोप पायस दहावे यांनी 1903 मध्ये चर्चमध्ये पियानो, ड्रम आणि झांजा वाजवायला मनाई केली होती, आणि 1963 मध्ये व्हॅटिकनच्या परिषदेने ऑर्गनचा मान ठेवून बाकीच्या योग्य वाद्यांनाही दार उघडलं. तिकडे झ्युरिकचा सोळाव्या शतकातला धर्मसुधारक झ्विंगली, स्वतः कितीतरी वाद्यं वाजवणारा माणूस, त्याने चर्चमधला ऑर्गनच बंद करवला. ग्रीक आणि रशियन ऑर्थोडॉक्स मंडळ्या बहुतेक आजही वाद्याशिवाय गातात आणि त्यांची भक्ती काही कमी नाही. बायबलमधल्या आमोसच्या पुस्तकात, 5 व्या अध्यायात, देव म्हणतो तुमच्या वीणांचा सूर मी ऐकणार नाही, पण पुढच्याच वचनात तो न्याय मागतोय, म्हणजे दोष वीणेचा नव्हता.

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे आणि तो कोणी बोलत नाही. मंडळीला गाता येतंय का? आमचा वर्शिप लीडर, म्हणजे उपासनेत गाणं पुढे नेणारा, गुणी मुलगा, गळा उंच, तो गाणं पांढरी चारला, म्हणजे उंच पट्टीत धरतो. धृपद कसंबसं निघतं, पण कडव्याची दुसरी ओळ वर चढली की मागच्या बाकांवरच्या मावश्या गप्प होतात, मग काका लोक, आणि शेवटी स्टेजवरचे चार जण गातात आणि बाकी सगळे टाळ्या वाजवतात, म्हणजे उपासनेला आलेल्या लोकांना आपण श्रोते करून टाकलंय! तेच गाणं काळी एकने, म्हणजे खालच्या पट्टीत धरा, अख्खी मंडळी गाते. कीबोर्डवर पट्टी बदलायचं ट्रान्सपोजचं बटण असतं, एक सेकंदाचं काम आहे. पेटीवाल्यांनीही फुशारकी मारू नये, सूर स्वतःच्या गळ्याला लावून बाकीच्यांना ओढत नेणारे पेटीवाले मी भरपूर ऐकलेत.

आणि आवाज. आपलं चर्च जुनं, छत उंच, खाली फरशी, तिथे ड्रमचा एक फटका चारदा घुमतो आणि शब्द सगळे त्यात बुडतात. काठ्यांऐवजी ब्रश घ्या, शांत गीताला नुसती टाळ-डफली चालू द्या, ड्रम बाहेर काढायची गरजच नाही. कलस्सैकरांच्या पत्रात म्हटलंय की गीतांनी एकमेकांना शिकवा आणि बोध करा, आता शेजारच्याचा आवाजच कानावर येत नसेल तर शिकवणार कोण आणि शिकणार कोण?

रविवारी उपासना झाल्यावर कमिटीची मीटिंग आहे. मी पाळकसाहेबांना हेच मागणार आहे की पट्टी लीडरने एकट्याने ठरवू नये, शनिवारच्या प्रॅक्टिसला दोन वयस्कर बाया आणि दोन पुरुष बसवा आणि ते गाऊ शकतील त्याच पट्टीत गाणं धरा. ग्वाल्हेर-बडोद्याच्या आपल्या लोकांनो, तुमच्याकडे हे कोण ठरवतं ते जरूर कळवा, मला मीटिंगमध्ये सांगता येईल.